एकचाकीची मूठ आणि ओला वेत

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी नंदिगड्ड्यातल्या आमच्या अंगणात बसून एका चाकाची मूठ बांधत होते. त्या मुठीनं जी भीती घातली ती अजून पुरती उतरलेली नाही... म्हणून लिहितेय.

चाक माझ्या लेकीचं, सुनंदाचं. ती बेळगावात नोकरी करते, अधूनमधून इथं येऊन घरून काम करते. तिनं इलेक्ट्रिक एकचाकी घेतलीय. मोटर आणि बॅटरी चाकाच्या पोटातच, दोन बाजूंना पाय ठेवायला दोन फळ्या, त्यावर उभं राहून जायचं. धरायला काही नाही, बसायला काही नाही... वर फक्त उचलून न्यायला एक मूठ.

आमच्या घरात मोबाईलला रेंज येत नाही, ती चढावरच्या वळणावर येते. म्हणून ती रोज सकाळी चाकावर उभी राहून तिकडे जाते, आणि परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. हेसुद्धा असेच एका सकाळी मोटरसायकलवरून साध्या कामाला गेले होते... परत आले नाहीत. पण पोरीला नको कसं म्हणायचं? तिचं पोट त्या रेंजवर आहे.

तर ही मूठ तुटली बसमध्ये. उळवीच्या जत्रेची गर्दी होती, चाक दोन सीटांच्या मधे अडकलं, सुनंदानं हिसका दिला आणि मूठ एका अंगानं चिरली. कंडक्टर म्हणाला, "अक्का, ह्या जात्याचं पण अर्धं तिकीट काढायला पायजे होतं बघ." सगळी बस हसली.

नवी मूठ मागवली, पण ती यायला वेळ. मी म्हटलं, पट्टी लावून दोन स्क्रू मारू. तिनं माझा हात धरला. आत बॅटरी आहे, लांब स्क्रू आत घुसला तर पेट घेईल म्हणाली. बॅटरी पेटल्याच्या बातम्या मी वाचलेल्या आहेत. शाळा फार झाली नाही, वाचायला माझी मीच शिकले... कधी वाटतं, नसते शिकले तर झोप बरी लागली असती.

मग टोपलीची, बुट्टीची कड तुटली की आम्ही बांधतो तसं बांधायचं ठरलं. चिरेखाली बांबूची चपटी पट्टी, आणि वरून भिजवलेल्या वेताचे वेढे. ह्यांनी आणलेलं वेताचं एक वेटोळं अजून माळ्यावर होतं, ते काढलं.

मुठीच्या खालच्या अंगाला एक बटण आहे. उचलताना ते बोटांनी दाबायचं म्हणजे मोटर बंद होते, नाहीतर चाक हवेत गरागरा फिरतं. सुनंदानं बजावलं, "आई, बटणाला धक्का न्हाई लागायचा हं. चालताना ते दाबलं की मोटर बंद, आणि मी सरळ तोंडावर." मी पट्टीला बटणापुरती खाच पाडली, दोन्ही बाजूंनी वेढे घातले. तिनं अंगणात फेरी मारली, सगळं ठीक होतं. ती गेली.

उरलेल्या वेतानं मी शेणाची बुट्टी बांधून उन्हात ठेवली आणि कामाला लागले. दुपारच्या आत ती उचलून बघितली. वेत वाळून असा आवळला होता की बांबूची पट्टी वाकून कडेत रुतली होती.

बांधणी झकास होती. वेत भिजवून बांधतात तो ह्याचसाठी... वाळला की आवळतो. बांधलेली वस्तू सावलीत वाळू द्यायची, मग वापरायची, हे इथल्या लेकरालाही माहीत. पण बुट्टीला कुठं घाई असते? मुठीवरची पट्टी अशीच वर चढली तर बटण दाबणार. अर्धवट चढली असेल तर चाक सुरू होणार, आणि उतारावर पहिल्याच खड्ड्यात...

तिची यायची वेळ झाली होती. फोन लागणार नव्हता. मी तशीच पळत सुटले.

वाटेत शेजारचा पोमाण्णा स्कूटर घेऊन येत होता. "काय वैनी, चाकाला दावं बांधलासा म्हणं?" म्हणाला. माझं तोंड बघून त्याचं हसू गेलं. मी एवढंच म्हटलं, पोरीला गाठायला पायजे. त्यानं गाडी वळवली. हे गेल्यापासून मी दुचाकीवर पाय टाकलेला नाही... बसले. त्याचा शर्ट मुठीत धरला आणि डोळे मिटून घेतले.

गाडी थांबली तेव्हा डोळे उघडले. ओहोळाचं पाणी रस्त्यावरून जातं, तिथं अलीकडे चाक आडवं पडलं होतं. सुनंदा नव्हती. मी उतरून पाण्याकडे धावले.

खालून ओहोळातून ती वर आली... पाय धुऊन, बूट हातात घेऊन.

"आई, तू गाडीवर बसून आलीस?"

"ते चाक बंद हाय का आधी बघ."

"बंदच हाय. पाण्यातनं उचलून आणलं, खाली ठेवलं, तर सुरूच होईना. बुट्टी करून ठेवलीस तू त्याची."

उचलताना ओढ बसली, पट्टी वर चढली आणि बटण दबूनच राहिलं. हा ओहोळ मधे नसता तर ती थेट उतारावर असती. पोमाण्णानं कमरेच्या कोयत्यानं वेत कापला.

चाक स्कूटरवर घातलं आणि आम्ही दोघी चालत घरी आलो. परवा नवी मूठ आली. सुनंदानं तिच्याबरोबरचेच आखूड स्क्रू लावले, मी बटण दहादा दाबून बघितलं. ती आजही गेलीय, आणि मी हे वहीत लिहीत दारात बसलेय. भीती आहे तशीच आहे...

पण ह्यांच्या वेळी निरोप आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ह्या खेपेला मला धावायला तरी मिळालं.