मावशीची नखं

माझ्या धाकट्या मावशीइतका नेलपॉलिशचा खोल विचार आख्ख्या डहाणू तालुक्यात कोणी केलेला नाही, आणि मला तर वाटतं, जे कारखान्यात ते बनवतात त्यांनीही केलेला नसावा. हे मी अंदाजाने बोलत नाही. स्टेशनकडे माझं छोटंसं ब्यूटी पार्लर आहे, दोन खुर्च्यांचं, आणि त्यातली एक खुर्ची सहा-सात वर्षं दर सोमवारी दुपारी मावशीच्या ताब्यात असायची. मावशी बाजारात मासळी विकते. सोमवारी निम्मं गाव उपासाला, मासळीला गिऱ्हाईक नाही, म्हणून तिचा सोमवार मोकळा. त्या मोकळ्या सोमवारी इतर बायका झोपतात, मावशी माझ्याकडे येऊन नेलपॉलिश निवडायची. लावायची असं मी म्हटलेलं नाही. लावायला वीस मिनिटं लागतात. निवडायला पूर्ण दुपार जायची, आणि कित्येकदा दुपार संपून निवड पुढच्या सोमवारवर जायची.

मी स्वभावाने काही फार शांत बाई नाही. नवरी म्हणून आलेल्या मुलीला लाल की मरून यात दहा मिनिटांच्या वर घुटमळताना पाहिलं, तर मीच एक बाटली उघडून कामाला लागते. पण मावशीपुढे माझं काही चालत नसे. एक तर ती आईची धाकटी बहीण, लहानपणी माझी वेणी घालणारी. आणि दुसरं म्हणजे तिच्या प्रत्येक नकाराला कारण असे, आणि ते कारण थेट मासळीच्या टोपलीतून आलेलं असे. चमकीवालं नेलपॉलिश मी मोठ्या हौसेने दाखवलं, तर ती म्हणाली, "ह्याला तुझ्याकडं कशाला येऊ गो? हे तर मला रोज सकाळी फुकट लागतं." आणि तिने मनगटावर चिकटलेला एक खवला मला काढून दाखवला. न चमकणारं, मॅट म्हणतात तसलं, तिला वाळत घातलेल्या बोंबलासारखं दिसलं. पारदर्शक तर तिने हातात घेऊन उलटसुलट केलं, उजेडात धरलं आणि विचारलं, "ह्यात रंग कधी घालणार?" रंग नसतोच म्हटल्यावर तिने बाटली खाली ठेवली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच तिला बर्फात घातलेली शिळी मासळी विकत होते.

जेल पॉलिशचं यंत्र आणलं तेव्हा तर कहर झाला. हा रंग लावून बोटं एका छोट्या दिव्याखाली धरायची, दोन मिनिटांत तो दगडासारखा सुकतो आणि दोन-तीन आठवडे हलत नाही. मावशीला रंगाचं काही नाही, तिने दिवाच मनावर घेतला. "दोन मिनिटांत सुकतं? आमचे बोंबील तीन दिवस उन्हात घालतो तेव्हा कुठं सुकतात." मी हसून सोडून दिलं, हीच माझी चूक झाली. पुढच्या सोमवारी ती प्लास्टिकच्या पिशवीत एक ओला बोंबील घेऊन आली, आणि मी मागे चहा ठेवायला गेले तेवढ्यात तो दिव्याखाली ठेवून मोकळी झाली. बोंबील सुकला नाही. दिव्याला मात्र जो वास लागला तो घालवायला मी दोन दिवस लिंबू घासत होते, आणि त्या दोन दिवसांत आलेल्या एका गुजराती बाईंनी, ज्या कांदासुद्धा खात नाहीत, पुन्हा माझ्या पार्लरची पायरी चढली नाही. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. कांदा न खाणारी बाई नखांवर काय खर्च करणार."

पण तिची सगळ्यात मोठी खोड म्हणजे उजव्या हाताचा अंगठा. मावशी नऊच नखं रंगवायची. मासळी ताजी की शिळी हे गिऱ्हाईक माशाच्या गालाजवळचा कल्ला उघडून बघतं, आतला भाग लालभडक असला तर मासा ताजा. तो कल्ला मावशी उजव्या अंगठ्याने उचलून दाखवते. आता त्या अंगठ्यावरच लाल रंग असला तर शेजारचा कल्ला, बिचारा कितीही ताजा असो, फिकाच दिसणार. "बाकीची बोटं माझी," ती सांगायची, "अंगठा धंद्याचा." मला पूर्वी ही सगळी थाप वाटायची. नऊ नखं रंगवायची आणि पैसे मात्र दहाचे द्यायचे नाहीत, एवढाच त्यातला अर्थ मी काढला होता.

हे सगळं वर्षानुवर्षं असंच चाललं असतं, पण मागच्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न ठरलं. माझी ही मावसबहीण तलासरीला राहून एका दवाखान्यात नोकरी करते, आणि तिथेच औषधांच्या खिडकीवर बसणारा एक मुलगा तिने पसंत केला. मुलाचे वडील नाहीत, आई शेती करते, तलासरीच्या बाहेर एका पाड्यावर घर. त्या घरी आम्ही पहिल्यांदा जेवायला जायचं होतं. मुलीने आईला फोनवर कपड्यांचं सांगितलं, पेढ्यांचं सांगितलं, आणि जाता जाता म्हणाली, "आणि आई, तिथे हात जरा झाकून ठेव."

मावशीने हे मला सांगितलं ते नेलपॉलिशची खोकी समोर ओढता ओढता, अगदी साध्या आवाजात. तिच्या हातांवर काट्यांचे, पात्याचे, बर्फाचे पंचवीस वर्षांचे व्रण आहेत. मी म्हटलं, पोरगी घाईत काहीतरी बोलून गेली असेल. मावशी म्हणाली, "झाकू कसे? जेवायला चाललोय. हात झाकून काय पायानं जेवू?" मग म्हणाली, "तिला लाज वाटायला नको, एवढंच कर. ह्या वेळी दहा."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आधी तिने लाल जेल घेतलं, दहाही नखांना, आठवडाभर आधी, 'चालवून बघायला'. दुसऱ्या दिवशी दहा वाजताच मला बाजारातून फोन. तिची पापलेटं पहाटेची, पण कैनाड गावची नेहमीची गिऱ्हाइकंसुद्धा कल्ला बघत होती, तिच्या अंगठ्याकडे बघत होती आणि शेजारणीकडे जात होती. म्हणजे वर्षानुवर्षं मी जिला थाप समजत होते ते शंभर टक्के खरं होतं. मावशीने डोकं चालवून अंगठ्याला चिंधी बांधली. तर गिऱ्हाइकं विचारू लागली, काय झालं, कापलं का, आणि कापलेल्या हाताची मासळी कोण घेणार? शेवटी तिने चमच्याने कल्ले उचलायला घेतले, तेव्हा सगळा बाजार हसायला जमला. संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन दहा बोटांना कापूस आणि फॉइल गुंडाळून पाव तास बसली. रंग सुटेपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि मावशी पाव तास गप्प बसणं ही डहाणूत बातमी होऊ शकते.

मग उरलेल्या सहा दिवसांत तिने मला अक्षरशः पिळून काढलं. तिची मागणी शेवटी एका वाक्यावर आली: "लावलंय असं दिसायला नको, आणि लावलं नाय असंही दिसायला नको." असा रंग देवाकडे असेल तर असेल. मी गुलाबी दाखवला, ती म्हणाली सोललेली कोलंबी. मी जांभळा दाखवला, ती म्हणाली दारात आपटलेलं नख. शेवटी एका जुन्या खोक्याच्या तळाशी फिका तपकिरी रंग सापडला. बाटलीवर त्याचं काहीतरी लांबलचक परदेशी नाव होतं. मावशीने एका नखावर लावून घेतला, हात लांब धरला आणि म्हणाली, "हा चिकू." झालं. चिकूच्या वाड्यांच्या आमच्या डहाणूत ज्याचं दुसरं कुठलंच नाव टिकलं नसतं तो रंग निवडला गेला. जेल नको, साधाच, म्हणजे परतल्यावर रात्रीच पुसून दुसऱ्या दिवशी अंगठा धंद्याला मोकळा. मलाही तिने बरोबर घेतलं, बाटली आणि कापूस पर्समध्ये ठेवून, 'दुरुस्तीला'.

एसटी आशागडच्या पुढे गेली तरी ती बोटं फाकवून बसली होती, खिडकीची कडी धरायलाही तयार नव्हती. तिच्या वाटणीची कडी मी धरली.

तलासरीचं घर छान होतं, शेणाने सारवलेलं अंगण, मागे भाताचं शेत. मुलाची आई दारातच उभी, आणि तिने नमस्कार केला तो पदराच्या आतून. मावशीनेही पदराच्या आतून केला. मला वाटलं, दोघी फार मर्यादशील आहेत. जेवण कोंबडीचं होतं, भाकरी, भात, सगळं बाई स्वतः वाढत होती, पण कसं? पदर बोटांवर ओढून, डाव दोन बोटांत धरून. इकडे मावशी घास घेत होती ते हाताची मूठ करून. शेजारी तिची मुलगी ताठ बसली होती आणि तिचं सगळं लक्ष आईच्या हातावर होतं. मला तिचा रागच आला.

दुसरा भात आला आणि मावशी एकदम थांबली. तिने भातातून काहीतरी गुलाबी, चकचकीत, नखाएवढं उचललं, ताटाच्या कडेला ठेवलं आणि वाकून पाहू लागली. पंचवीस वर्षांची सवय, दुसरं काय. अगदी धंद्यातल्या बाईने धंद्यातल्या बाईला विचारावं तसं तिने विचारलं, "जिताड्याचा खवला काय हा?"

बाई म्हणाली, "मासे नाय केले ओ. कोंबडीच आहे."

"मग एवढा मोठा खवला कोंबडीला कुठून आला?" मावशीने अंगठ्यावर घेऊन तो सगळ्यांना दाखवला. मी धंद्यातली, मी एका नजरेत ओळखलं. चिकटवायची नखं असतात, पाकिटात मिळणारी, त्यातलं ते एक होतं. माझी नजर बाईच्या हाताकडे गेली, माझ्यामागून मावशीची गेली, आणि मग सगळ्यांची. पदर घसरला होता. नऊ बोटांवर लांब गुलाबी नखं होती आणि मधलं बोट उघडं पडलं होतं, नांगरटीचं, चिरलेलं.

बाईचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. "पोराला सांगून आणवली," ती म्हणाली. "डहाणूची माणसं, शहरातली. माझे हात बघून काय म्हणतील. रात्रभर बसून चिकटवली."

 मावशीने तो गुलाबी तुकडा ताटात ठेवला, हात धुतला, आणि बाईच्या पुढ्यात दोन्ही हात उलटे करून धरले. चिकूचा रंग खाली गेला आणि वर आल्या त्या सगळ्या भेगा, व्रण, करंगळीखालचा एक लांब काळा कापल्याचा डाग. "वरची बाजू माझी पण रंगवलेलीच हाय," ती म्हणाली. "मी मासळी विकते. ही बाजू कोण रंगवणार?"

बाईने आपले हात शेजारी धरले. दोघी बराच वेळ एकमेकींचे व्रण बघत बसल्या, हा कशाचा, तो कशाचा, कोयत्याचा, माशाच्या काट्याचा, आणि मग आधी बाई हसली आणि मग मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. मावसबहीण मात्र मान खाली घालून बसली होती, तिच्या ताटातला भात तसाच होता. निघताना एसटीच्या थांब्यापर्यंत ती आली. होणाऱ्या सासरची सगळी माणसं उभी होती. त्यांच्यासमोर तिने आईचा उजवा हात हातात घेतला आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही. मावशीनेही सोडवून घेतला नाही. गाडीत मात्र तिने बोटं तपासून मला सांगितलं की पोरीने चार नखांचा रंग घालवला, आणि ती सांगताना किती खूश होती ते मला अजून दिसतं.

लग्न होऊन आता वर्ष झालं. दर सोमवारी सकाळच्या एसटीने विहीणबाई भाजी घेऊन डहाणूला येते आणि दुपारी दोघी मावशीच्या ओट्यावर बसून एकमेकींची नखं रंगवतात. बाटल्या स्टँडवरच्या हातगाडीवरून घेतलेल्या, माझ्याकडून नाही. रंग नखावर कमी आणि बोटावर जास्त असतो. मी एकदा जाऊन पाहिलं, नीट करून देऊ का म्हणून विचारलं, तर मावशी म्हणाली, "तू फार घाई करतेस गो."

माझी खोकी आता जागच्या जागी असतात. कोणी रंगांना नावं ठेवत नाही, दिव्याला वास नाही, सोमवारची दुपार शांत जाते आणि मला ती अजिबात आवडत नाही. त्या दिवशी दुकान बंद ठेवलं तरी चालेल, पण मी ठेवत नाही. विहिणी-विहिणीच त्या, एखाद्या सोमवारी तरी भांडतीलच.