दाजींचं आंतरराष्ट्रीय उपोषण

गाझातल्या लोकांसाठी परतूरच्या चौकात उपाशी बसले मी, आणि नाव झालं आमच्या दाजींचं.

युद्धात लोकांचं अन्न-औषध अडवणं हा गुन्हा आहे, हे तालुक्याला ठणकावून सांगायचं म्हणून मी एक दिवसाचं उपोषण जाहीर केलं होतं. शिवाय ज्याच्या चौकात गर्दी जमेल, त्याला जालन्याच्या सभेत भाषणाची संधी द्यायची असं आमच्या संघटनेनं ठरवलेलं. (ते भाषण मी अंघोळ करतानासुद्धा म्हणत होते.) फक्त दिवस ठरवताना आईला विचारायचं राहिलं.

"धोंड्याचा महिना हाय! त्याच दिशी जावयाला पुरणाचे धोंडे खायला बोलावलं, अन् तू चौकात उपाशी बसून राह्यली?"

"आई, अन्न अडवणं हा युद्धगुन्हा आहे!"

"मंग मी कुठं अडवलं? पुरण शिजून राह्यलं की!"

निषेध नोंदवून मी चौकातल्या मांडवात जाऊन बसले. दुपारपर्यंत जिनिव्हा करार कलमांसह समजावला. श्रोते दोन: एसटीची वाट पाहणारे एक आजोबा आणि एक शेळी. कलमं सुरू झाल्यावर शेळीही उठून गेली!

तेवढ्यात वाटूरहून ताईला घेऊन दाजी आले. गाडी थांबवून म्हणाले, "काय मेव्हणीबाई, भांडण कोणासंग?"

मी सांगितलं.

"लेकरांचं खाणं अडवलं? हे बराबर न्हाई. मंग मी बी बसतो!"

आणि बसले की! क्षणभर मला भरून आलं. क्षणभरच. कारण दहा पावलांवरच्या पानटपरीवरून बातमी सुटली: धोंड्याच्या महिन्यात जावई उपाशी बसला! बघता बघता बाजारातली निम्मी माणसं मांडवात. जो तो विचारायचा, "सासऱ्यानं काय दिलं न्हाई?" आणि माझ्या पत्रकानंच स्वतःला वारा घालायचा.

बाबा अनवाणी धावत आले. "जावईबापू, काय चुकलं आमचं? अंगठी पायजे का?"

"बघा, कबूल केलं!" गर्दीतून आवाज.

"मामा, मला काहीच नको," दाजी उठून उभे राहिले. "समजा, तुमचं-माझं भांडण लागलं. लागू द्या. पण मामीनं माझ्या लेकराला धाडलेला डबा मधल्या वाटेवर कुणी अडवला, तर चालंल का?"

"न्हाई!" अख्खा चौक.

"बस्स! असला डबा अडवायचा न्हाई, असा सगळ्या देशांनी मिळून कायदा केला. अन् तिकडं तोच मोडून राह्यले!"

टाळ्या! शिट्ट्या! रस्त्यापलीकडचे चहावाले चाचा खास मला सांगायला आले, "बेटी, तुम सुबह से बोले सो समझा नै. दाजी बोले सो बिलकुल समझा."

मी हसले. आतून मात्र मी पुरणासारखी शिजत होते.

संध्याकाळी नायब तहसीलदार निवेदन घ्यायला आले. निवेदन मी लिहिलेलं, सही माझी. साहेबांनी ते दाजींच्या हातून घेतलं, मोसंबीचा रसही दाजींनाच पाजला! फोटोत मीही आहे. माझं कोपर आहे.

आईनं मांडवातच ताट वाढलं. दाजींच्या धोंड्यावर तूप ओतलं. वास थेट माझ्या कलमांपर्यंत पोचला.

"आई, मला?"

"तुझं उपोषण हाय ना?"

"सुटलं ना आता!"

"रस कुठं पेलीस तू? थांब, आधी जावयाचं होऊ दे."

(अन्न अडवणं म्हणजे काय, हे त्या मांडवात फक्त मला कळत होतं.)

दुसऱ्या दिवशी जालन्याहून संघटनेचा फोन आला. "परतूरची गर्दी पाहिली. शाब्बास!"

"मग मी भाषण..."

"हां, त्या दाजींना पाठवून द्या."

पाठोपाठ दाजींचा फोन. "मेव्हणीबाई, तुमी बी चला. एवढी मोठी सभा, मधी कुठं अडलो-बिडलो तर सांगायला कोणी पायजे का न्हाई?"

गेले. त्या अख्ख्या भाषणात स्टेजच्या मागं कलमं तोंडपाठ करत, हात जोडून, देवाला नवस बोलत उभी होते.

मेला, एकदाही अडला नाही!