पोटातले दात

आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीत एक गृहस्थ असे होते, की ते कुणाला "जेवलात का?" असं विचारतच नसत. त्यांचा प्रश्न एकच : "चावलंत का?" मूळचे मालवणकडचे, जन्मभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. नावानं त्यांना कुणी ओळखत नसे. ते सगळ्यांचे खेकडेसर. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि, माझा आपला अंदाज, आवडतही होतं.

आमची ओळख झाली ती माझ्या पोह्यांवरून. चाकणला जाणारी कंपनीची बस सकाळी गेटवर येते आणि ड्रायव्हरला दयामाया नाही. मी पोह्यांची बशी हातात घेऊनच जिना उतरायचो आणि बस दिसली, की उरलेले पोहे एका दमात आत. सर तिथेच फेऱ्या मारत असत. एके दिवशी त्यांनी मला अडवलं.

"तू खेकडा आहेस का रे?"

तोंड भरलेलं. मी नुसती मान हलवली.

"मग दात कुठे आहेत तुझे? तोंडात ना? खेकड्याचे जठरात असतात. तो बाहेर तुकडे करतो, गिळतो आणि आत निवांत जातं फिरवत बसतो. तुझ्या जठरात नुसतं आम्ल, बाबा. ते घुसळेल, मुरवेल, पण चावणार नाही."

शेजाऱ्यांना सुप्रभात म्हणण्याची ही त्यांची पद्धत.

दर रविवारी त्यांच्या घरी खेकड्याचं कालवण असे आणि मजल्यावरच्या सगळ्यांना आमंत्रण. मी लातूरचा, समुद्रातला खेकडा पहिल्यांदा पाहिला तो काकूंच्या पातेल्यात. कवच उघडलं, की आतल्या पिवळ्या गोळ्यावर आमची झुंबड. "अंडी मला, अंडी मला."

"हा नर आहे," सर शांतपणे म्हणायचे. "अंडी कुठून आणू?"

मग व्याख्यान. "ही त्याची पाचकग्रंथी. तुमच्या कंपनीत माल बनवणारं खातं वेगळं, माल उतरवून घेणारं वेगळं. आपल्या पोटातही तसंच. पाचकरस सोडायला स्वादुपिंड, अन्न शोषून घ्यायला आतडं. खेकड्याकडे ही एकटीच दोन्ही कामं करते."

"मग ओव्हरटाइम मिळतो का सर, तिला?"

"मिळतो की. काकूंच्या वाटणात जागा."

"अहो, जेवू द्या त्यांना," काकू म्हणायच्या. "कालवण निवलं."

मग सरांचे दात गेले. हिरड्यांनी दगा दिला, डॉक्टरांनी उरलेसुरले काढले. कवळी आली, पण ती डबीत आणि सर घरात. फेऱ्या बंद, रविवार बंद. काकू मला जिन्यात भेटल्या. "म्हणतात, जन्मभर लोकांना चावा चावा सांगितलं, आता हे बोळकं घेऊन कुणापुढे जाऊ? खोट्या दातांनी तर मुळीच नाही. मऊ भात कालवून घेतात, एकटेच. माझ्यासमोरसुद्धा बसत नाहीत रे जेवायला."

त्यांना शोभेल असं सांत्वन मला येत नव्हतं. मी त्यांच्या खोलीच्या बंद दारापाशी जाऊन मोठ्यानं विचारलं, "सर, खेकडा कात टाकतो तेव्हा त्याच्या पोटातल्या दातांचं काय होतं?"

माहीत असलेल्या प्रश्नाचं उत्तर न देणं त्यांना जमणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. आतून बोबडा आवाज आला, "तेही टाकतो. जठराचं अस्तरच निघतं. नवे दात घेऊन फिरतो."

"आणि मधल्या काळात?"

"अंग मऊ असतं. बिळात लपून बसतो."

"किती दिवस, सर?"

आत कवळीच्या डबीचं झाकण वाजलं. मग, "गाढवा."

रविवारी पातेलं चढलं. सर कवळी लावून पाटावर बसले, नांगी उचलली, दाढेखाली धरली. कट्ट. सगळ्यांचे हात थांबले. नेमकं काय फुटलं, कुणालाच कळेना. सरांनी जिभेनं आत सगळीकडे चाचपून पाहिलं.

"नांगीच," ते म्हणाले आणि आम्ही पुन्हा जेवायला लागलो.

गेल्या उन्हाळ्यात सर आणि काकू कायमचे गावी गेले. सामानाचा टेम्पो पुढे निघाला होता, त्यांची गाडी गेटपाशी उभी होती आणि मागे माझी बस येऊन थांबलेली. मी पोह्यांचा शेवटचा घास कोंबून धावलो, पाया पडलो. बोलायचं पुष्कळ होतं, पण तोंड भरलेलं.

सरांनी गाडीचं दार पुन्हा उघडलं. "आधी चाव," म्हणाले. "मी थांबतो."

बसचा ड्रायव्हर हॉर्न देत होता. तोंडात काही उरलं नव्हतं, तरी मी चावतच राहिलो.