मागच्या सीटवरचा अबोला

हसायचं तर आधीच हसून घ्या. मधे हसलात तर मी सांगणं बंद करीन, आणि दुसरा चहाही मिळणार नाही. अकोल्याच्या जठारपेठेतल्या अर्ध्या पोरांना मी शाळेत कान धरून शहाणं केलं, आणि माझ्याच हातून हे असं व्हावं? पण सांगते बाप्पा. मी नाही सांगितलं तर माझी नणंद नलूताई सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते.

तर आमच्याकडे एक मोटर आहे. कार म्हटलेलं आमच्या ह्यांना चालत नाही, मोटर. माझे सासरे डॉक्टर होते. तेव्हा घर अमरावतीला होतं, आणि ते ह्याच काळ्या मोटरीतून भातकुलीकडच्या खेड्यांत पेशंट पाहायला जायचे. हिचा गिअर खाली नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला. पुढची सीट दिवाणासारखी सलग. पुर्जे तर कुठेच मिळत नाहीत, एक नळी आमच्या मेकॅनिकनं कूलरच्या पाइपातून कापून बसवली आहे. हॉर्न वाजवला की म्हशी बाजूला होत नाहीत, उलट वळून पाहतात.

ह्यांचा जीव त्या मोटरीत. पण दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली, आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. तेव्हापासून हे रोज संध्याकाळी मोटरीजवळ खुर्ची टाकून बसायचे. फडक्यानं बॉनेट पुसायचे, पुसलेलंच पुन्हा पुसायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायची आणि माझी पोळी करपायची.

एक दिवस म्हणाले, "अमरावतीचा एक हॉटेलवाला शेठ मोटर मागून राह्यला. हॉटेलच्या दारात उभी करतो म्हणते. देऊन टाकतो."

"दारात? अन् वरून कुंड्या ठेवन तो तिच्यावर."

"मंग काय करू? चालवणारं कोन हाय?"

"मी आहो ना."

तोंडातून निघून गेलं, बरं का. तोपर्यंत मला स्कूटीशिवाय काही येत नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विमान चालवते म्हणाले.

शिकवायला आले गफूरचाचा, तेच कूलरच्या पाइपवाले. म्हणायचे, "बाई, क्लच ऐसे छोडो जैसे सोये हुए बच्चे के नीचे से हाथ निकालते." आता आमचं हे बाळ हात काढायच्या आतच दचकून उठायचं, त्याला मी काय करू? पहिल्या आठवड्यात आमच्या फाटकाचा खांब गेला. दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांचा. पण शिकले. सलग दोन दिवस बंद न पाडता मैदानाला चकरा मारल्या, तेव्हा चाचांनी शेवटचा धडा दिला, "एक बात याद रखना. धक्के से चालू हो गयी, तो रुकना नहीं. कुछ भी हो जाए, रुकना नहीं."

हे वाक्य मी गाठीला बांधलं. तिथंच घात झाला.

ठरलं असं, की मी मोटर अकोल्याहून अमरावतीला नलूताईकडे न्यायची. संध्याकाळी शेठ तिथंच येणार होता. हे म्हणाले, "नीट नेली तं शेठले नाही म्हणतो. नाही नेली तं किल्ली त्याच्या हातात." म्हणजे सगळं माझ्यावरच आलं.

दुपारी निघालो. नलूताईसाठी नवीन कापसाची गादी भरून घेतली होती, ती पांढऱ्या चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर उभी केली. हे माझ्या शेजारी. आणि अकोल्याची हद्द संपायच्या आत ह्यांचं सुरू झालं.

"गिअर बदल. बदल म्हनतो ना. ऐकू नाही येत काय तुले, इंजन रडून राह्यलं."

"बदलते."

"एवढ्या हळू? बाबांच्या काळात बैलगाडी पुढं निघून गेली असती."

मूर्तिजापूर येईपर्यंत मी ऐकून घेतलं. खरंच ऐकून घेतलं हो, ह्याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मूर्तिजापूर गेलं, पुढं रस्त्यावर एका कडुलिंबाच्या झाडाची काळी सावली पडलेली, आणि हे एकदम ओरडले, "खड्डा! खड्डा हाय, दाब ब्रेक!"

मी शाळेत तीस वर्षं शुद्ध मराठी शिकवली, पण राग आला की माझी वऱ्हाडी सुटते. म्हटलं, "सावली हाय ते झाडाची. तुमाले दिसत नाही तं बोलता कशाले?"

बोलले आणि जीभ चावली. पण बोललेलं परत घेता येत नाही. ह्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग हळूच म्हणाले, "थांबव."

कुरूमच्या फाट्याजवळ थांबवली. हे उतरले, मागचं दार उघडून गादीशेजारी जाऊन बसले. थैली, फोन, सगळं घेऊन. लग्नाला चौतीस वर्षं झाली, ह्यांचा अबोला मला नवा नाही. एकदा दिवाळीचे चारही दिवस हे बोलले नव्हते, करंज्या मात्र खाल्ल्या.

मी किल्ली फिरवली. मोटर बंद ती बंदच. बॅटरीनं एकदा खाकरून दाखवलं, बस्स. हे एक शब्द न बोलता उतरले आणि मागून धक्का द्यायला लागले. बाजूला मेथीच्या जुड्यांनी भरलेला एक टेम्पो उभा होता, त्यातला नवराबायकोचा जोडाही धावून आला. तिघांनी लावला जोर. मी दुसरा गिअर टाकला, बाळाखालून हात काढला, आणि मोटर काय उसळली! मागचं दार धाडकन लागलं. म्हटलं, बसले हे. आणि गुरुवचनाप्रमाणे निघाले. थांबायचं नाही, कुछ भी हो जाए.

मोटर अशी पळाली की काय सांगू. ना रडणं, ना खोकणं. मागं पाहायचा आरसा बशीएवढा, त्यात पांढरं काहीतरी दिसत होतं. ह्यांनी पांढराच सदरा घातला होता. बसलेत फुगून, म्हटलं, बसू दे.

थोड्या वेळानं मागं फोन वाजायला लागला.

"अहो, फोन वाजून राह्यला."

उत्तर नाही. पुन्हा वाजला. पुन्हा.

"माह्यावरचा राग त्या फोनवर काहून काढता? उचला ना." तरी उचलेनात.

लोणी आलं तर रस्त्याकडेची माणसं हात हलवायला लागली. मीही हलवला. जुन्या मोटरीचं कौतुक कोणाला नसतं? मागून एक टेम्पो सारखा हॉर्न देत होता, दिवे मारत होता. मी मागं ऐकू जाईल असं म्हटलं, "पहा, आपल्या मोटरीचा फोटो काढाले मागं लागला तो." आणि त्याला सापडू नये म्हणून जोर दिला. बडनेऱ्याला पोलिसानं शिट्टी मारून माझ्या मागं बोट दाखवलं. मी त्याला सलाम केला. त्यानं कपाळावर हात मारून घेतला, तो मला सलामच वाटला.

इतकी माणसं आपल्याला मान देताहेत, आणि आपलं माणूस मागं गप्प बसलंय. माझं मन भरून आलं. एरवी मी कधी माफी मागत नाही, पण पाठमोरं बोलायचं असलं की सोपं जातं.

म्हटलं, "ऐका. मी तसं बोलाले नव्हतं पाह्यजे. तुमच्या डोळ्यावरून तं नव्हतंच पाह्यजे. तुमाले वाटत असन, हिले मोटरीचा शौक चढला. मले काय करायची हो मोटर? माह्यी स्कूटी बरी. तुमी रोज खुर्ची टाकून त्या मोटरीजवळ बसता, ते मले पाहवत नाही, म्हणून शिकली मी. तुमचा डोळा गेला त्या दिवशी तुमी हसत घरी आले. मी न्हाणीत नळ सोडून रडली. हे तुमाले कधी सांगितलं नाही."

मागून काहीच नाही. मी म्हटलं, ऐकताहेत. मी पदरानं डोळे पुसले आणि पुढचं सगळं सांगितलं. लग्नात ह्यांचा फेटा मला आवडला नव्हता, तेसुद्धा सांगून मोकळी झाले.

नलूताईच्या दारात मोटर उभी केली तेव्हा ओट्यावर शेठ चहा पीत बसला होता. नलूताई धावत आली. मी अशी उतरले, जशी निवडणूक जिंकून आले. मागचं दार उघडलं आणि म्हटलं, "उतरा राजे, आलं अमरावती."

आत गादी होती.

गादी, थैली आणि फोन. फोनवर एका अनोळखी नंबरचे अकरा मिस्ड कॉल.

नलूताईनं आत डोकावून पाहिलं. "वयनी, दादा कुठं हाय?"

आता हसू नका. ज्या माणसाला एका डोळ्यानं दिसतं, त्याला मी हायवेवर सोडून आले होते, खिशात फोन नाही, पैसे नाहीत. किल्ली शेठच्या हातात द्यावी आणि कुरूमपर्यंत पळत जावं, असं वाटलं. माणूसच हातचं गेलं, तर मोटर घेऊन काय चाटायची?

तेवढ्यात गल्लीत हॉर्न देत टेम्पो शिरला. तोच. मागं मेथीच्या जुड्यांत आमचे हे, केसांत मेथीची पानं, गळ्यातला दुपट्टा आमच्याकडे पाहून हलवून हलवून हात दुखलेले.

टेम्पोवाला उतरला. "काकू, तुमी गाडी चालवता का पळवता? काका माह्या फोनवरून त्यायच्याच फोनवर फोन लावून राह्यले होते. तुमचा नंबर त्यायले पाठ नाही म्हणते."

मी ह्यांचा हात धरला, भर गल्लीत. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

शेठ ओट्यावरून खाली आला. "बाईंनी एकटीनं आणली म्हणजे?"

हे केसांतली मेथी झाडत म्हणाले, "शेठ, माफ करा, मोटर विकायची नाही. चालवणारी घरातच हाय. फक्त किती मानसं बसले ते मोजत नाही ती."

शेठ इतका हसला की चहा सदऱ्यावर सांडला. टेम्पोवाल्याला आणि त्याच्या बायकोला नलूताईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. मेथी त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. हे शेजारी बसले. बडनेरा गेल्यावर म्हणाले, "काल गादीसंगं लय बोलली म्हणे तू. नलूले सांगितलं, मले नाही."

मग मी ते सगळं पुन्हा सांगितलं. ह्या वेळी अवघड गेलं, कारण माणूस खरंच तिथं होतं. न्हाणीतल्या नळाचं सांगताना मी रस्त्यावरून नजर हलवली नाही. ह्यांचा माझ्या बाजूचा डोळा गेलेला, म्हणून ह्यांनी अख्खं तोंड वळवून चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"ती सावलीच होती काय वं?"

"सावलीच होती."

"मंग तू बरोबरच बोलली."

"बरोबर बोलली, म्हणूनच तं वाईट वाटते."

हे काही बोलले नाहीत. पण हा अबोला नव्हता, तेवढं मला कळतं. मी ह्यांच्याकडे पाहत राहिले, आणि त्या पाहण्याच्या नादात वेग उतरला तरी क्लच दाबायचाच राहिला. भर रस्त्यात मोटर बंद.

हे उतरले, बाह्या वर केल्या. मागं जाता जाता माझ्या खिडकीशी थांबले आणि हात पुढं केला.

"धक्का देतो. पण आधी तुह्यी पर्स दे माह्याजवळ."

"पर्स काहून?"

"नवरा सोडून जाशीन तू. पर्स सोडून नाही जाणार."

दिली बाप्पा. खोटं तरी काय होतं त्यात?