धारोष्ण दूध आणि जावईबापू

आमचे हे एकाएकी बदकासारखे चालायला लागले, तेव्हा मला आधी हसूच आलं. सोसायटीच्या गेटपासून जिन्यापर्यंत ते असे फेंगडे पाय टाकत येत की वॉचमनने मला विचारलं, "साहेबने शुं थयुं?" हे म्हणाले, कंबर धरलीये. मी म्हटलं, कंबर धरलेला माणूस वाकतो, तुमचे तर दोन पायच एकमेकांशी बोलेनासे झालेत. त्यावर ते चिडले. निवृत्त झाल्यापासून चिडणं हीच त्यांची नोकरी आहे, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

मग ताप सुरू झाला. सकाळी माणूस ठणठणीत, दिवेलागणीला हुडहुडी, आणि पहाटे बनियन पिळून काढावा इतका घाम. मध्येच काही दिवस बरं वाटायचं, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

आता आमचे जावई डॉक्टर आहेत. इथे बडोद्यातच, गोत्रीला, त्यांच्या दवाखान्यात लोक तासन् तास ताटकळतात, आणि आमच्याकडे ते दर रविवारी आपण होऊन जेवायला येतात. पण जावई म्हणजे जावई! ह्यांचं मूळ घर दांडिया बाजारातलं, संस्थानी नोकरीतल्या माणसांचं. जावयासमोर बनियनवर बसलेला सासरा त्या घराने पाहिलेला नाही. आम्ही समा भागात राहायला येऊन इतकी वर्षं झाली, तरी जावई यायचे म्हटलं की हे इस्त्रीचा शर्ट चढवतात, पट्टा आवळतात, आणि मग दोघं समोरासमोर बसून हवापाण्यावर बोलतात. असा माणूस जावयाला सांगणार की मला नेमकं कुठे सुजलंय? अहो, मला बायकोलाही सांगितलं नव्हतं. या परिस्थितीवर मराठीत एक म्हण आहे. ती मी इथे लिहीत नाही. ज्यांना आठवली ते आत्ता हसत असतील, हसू देत.

जावयांनी ताप ऐकून विचारलं, "बाबा, बाहेरचं काही खाल्लं होतं का?"

"छे! बाहेरचं काहीही नाही."

"खोटं!" मी स्वयंपाकघरातून ओरडले. "शेवउसळ! विचारा त्यांना शेवउसळीचं!" कारण मागे एकदा शर्टावर तर्रीचा डाग सापडला होता आणि तेव्हापासून माझा विश्वास उडालेला आहे. ह्यांनी देवाशपथ नाही म्हणून सांगितलं. मी शेवउसळीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जाऊन त्या भाऊंना विचारूनसुद्धा आले. ते म्हणाले, "काका तो केटलाय वखतथी आव्या ज नथी," म्हणजे कितीतरी दिवसांत आलेलेच नाहीत, आणि वर तब्येतीची चौकशी केली. मलेरिया निघाला नाही, टायफॉइड निघाला नाही, कंबरेचा एक्स-रे अगदी स्वच्छ आला. येणारच. बिचाऱ्या कंबरेचा काही संबंधच नव्हता.

शेवटी एका रविवारी जावई दारात आले, हे स्वागताला खुर्चीतून उठले, आणि "आई गं!" करून किंचाळले. हात अशा ठिकाणी गेला की जिथे जावयासमोर हात जाऊ नये. जावयांनी आणलेला डबा माझ्या हातात दिला आणि इतकंच म्हणाले, "बाबा, आत चला."

दार लावलं गेलं. मी आणि मुलगी बाहेर, माझ्या हातात झारा, पुऱ्या तळायच्या राहिलेल्या. आतून "नको, नको, राहू दे" असा ह्यांचा आवाज, मग जावयांचा ठाम आवाज, आणि मग बराच वेळ दोघांची कुजबुज. जावई बाहेर आले ते हसत नव्हते. सोनोग्राफी करूया म्हणाले.

सोनोग्राफी झाली, सर्जन झाले. सर्जन म्हणाले, एका बाजूला गाठ आहे, आणि तिचं लक्षण काही बरं दिसत नाही. ती बाजू काढून टाकलेली बरी, मग तपासायला पाठवू. सोमवारची तारीख दिली. इतके दिवस मी थट्टाच करत होते, पण गाठ हा शब्द ऐकला आणि थट्टा संपली. घरी आल्यावर मोरीचा नळ मोठा सोडून मी पोटभर रडले. नंतर बाहेर येऊन ह्यांना ओरडले, कारण ओरडायचं थांबवलं असतं तर त्यांना संशय आला असता.

शनिवारी त्यांचं सकाळी फिरायला जाणारं मंडळ भेटायला आलं. सगळे गुजराती काका, सगळे पांढऱ्या बुटांतले. जावईही तेव्हा सोमवारचं समजावून सांगायला आले होते. एका काकांनी माझ्या हातात स्टीलची बरणी ठेवली. झाकण काढलं तर वर नुकत्याच काढलेल्या दुधाचा फेस.

"भाभी, हमणां ज दोह्युं छे. गरम ना करता, हों! बधुं सत्त्व जतुं रहे. अमे तो रोज साथे ज पीए छीए."

"रोज सगळे मिळून पिता? तेही न तापवता?" मी ह्यांच्याकडे वळले.

तेव्हा उलगडा झाला. फिरणं संपलं की कालव्यापलीकडच्या रबारी गवळ्याच्या तबेल्यात हे सगळे निवृत्त अधिकारी आपापला पेला घेऊन गाईशेजारी उभे राहायचे, आणि धार पडली की तिथल्या तिथे प्यायचे. मी घरी पिशवीतलं दूध दोनदा उकळते, त्याला हे 'मेलेलं दूध' म्हणतात ते का, हे मला त्या दिवशी समजलं.

"धारोष्ण," हे पलंगावरून मोठ्या रुबाबात म्हणाले. "माझे आजोबा घेत असत."

"आणि बाहेरचं काही नाही म्हणून सांगितलंत ते?"

"दूध बाहेरचं कसं होईल? दूध म्हणजे काय खाणं आहे?"

आणि खरं सांगू? माणूस खोटं बोलत नव्हता. आमच्यात बाहेरचं म्हणजे लारीवरचं, हॉटेलातलं, तळकट. उपासाला चालतं ते दूध त्या यादीत बसतच नाही. मलाही ते विचारायचं सुचलं नसतं.

जावयांच्या हातातला चहा मात्र तसाच राहिला. त्यांनी काकांना विचारलं, तबेल्यात गुरं आजारी आहेत का? काका हळहळले, हो ना, दोन गायींची वासरं दिवस भरायच्या आतच गेली, बिचाऱ्या! जावई उठले आणि बाहेर जाऊन त्यांनी सर्जनना फोन लावला.

मग त्यांनी मला समजावलं. ज्या जंतूने गायींची वासरं अशी आधीच जातात, तोच कच्च्या दुधातून माणसात येतो, असा चढउताराचा ताप आणतो, कधी सांध्यांत बसतो, कधी पाठीच्या मणक्यात, आणि क्वचित तिथेही. पोटाला तो बहुतेक वेळा काहीच करत नाही. मी म्हटलं, दूध प्यायले तोंडाने आणि सूज तिथे? त्या मेल्याला पत्ता दिला कुणी? जावई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

सोमवार पुढे ढकलला. रक्त तपासायला गेलं आणि रिपोर्ट येईपर्यंत मी फोनजवळून हलले नाही. तो जंतू सापडला, असा फोन आला तेव्हा मी सोसायटीत पेढे वाटले. शेजारीण म्हणाली, "शेनी खुशी?" मी म्हटलं, ह्यांना जंतू सापडला. तिने पेढा घेतला, पण जरा लांबूनच.

गोळ्या लांबलचक चालल्या. त्यातल्या एकीने लघवी केशरी होते, हे सांगायचं जावई विसरले होते, त्यामुळे पहिल्या सकाळी बाथरूममधून जी आरोळी आली ती तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली. मात्र आता हे जावयांना बनियनवरच फोन लावायचे, तोही व्हिडिओ कॉल. सूज उतरत गेली, सर्जननी पुन्हा पाहून ऑपरेशनची गरज नाही म्हणून सांगितलं. मंडळातल्या सगळ्या काकांनीही मुकाट्याने रक्त तपासून घेतलं.

शेवटची गोळी संपली त्या रविवारी जावई माझ्याशी बोलायला स्वयंपाकघरात आले. म्हणाले, "आई, त्या दिवशी दाराआड बाबा काय म्हणाले, ते सांगू नका म्हणाले होते. पण आता सांगतो."

ह्यांच्या हाताला ती गाठ आधीच लागली होती. आपलं काय होणार ते त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. जावयांना म्हणाले, "मला काही झालं तर हिला तुमच्याकडे न्या. आणि पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू ठेवा. माझ्यासाठी ठेवते म्हणेल, पण तिला अंधाराची भीती वाटते. मला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नका."

लग्न झाल्यापासून रोज झोपताना मी म्हणत आले, "दिवा राहू देते हो, तुम्ही कुठे अडखळाल." आणि रोज हा माणूस म्हणत आला, "ठेव बाई, मला अंधारात काही दिसत नाही."