धारूरचा पारा

आमच्या अभ्यास मंडळाला नाव नव्हतं. नाव काय ठेवायचं यावर दोन बैठका झाल्या, आणि दुसऱ्या बैठकीत सगळे एकमेकांवर इतके चिडले की तो विषयच रद्द करावा लागला. मग गावानंच आमची सोय केली. गाव आम्हाला 'हवावाले' म्हणायला लागलं.

हवावाले म्हणजे आम्ही चौघं. पहिले गुरुजी. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, पण स्वतः इंटरच्या पुढे न गेलेले. ही गोष्ट ते कधी बोलून दाखवत नसत, पण पदवीवाला माणूस समोर आला की त्यांचा हात आपोआप सदऱ्याची बटणं तपासायला जायचा. दुसरे अप्पा, पेठेतले किराणा दुकानदार. कपाळाला भस्माचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, आणि सकाळची शिवपूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारे. तिसरा एक वायरमन. बैठकीत लाइट गेली की सगळे त्याच्याकडे अशा नजरेनं बघत, जणू त्यानंच खिशात घालून ठेवली आहे. आणि चौथी मी, वाचनालयाची ग्रंथपाल. चौघांत एकटी बाई, तेव्हा चहा मी करावा असं वायरमनला सुरुवातीला वाटलं होतं. एकदाच वाटलं.

तेव्हा सगळीकडे नवं काहीतरी येत होतं. केबल आली होती, एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या, अप्पांच्या दुकानात शांपू पुडीतून मिळायला लागला होता. ज्याच्याकडे सायकल होती तो लूना बघत होता आणि लूनावाला हिरो बघत होता. या धामधुमीत गुरुजी एकटेच म्हणत फिरायचे की याची किंमत हवेला मोजावी लागणार आहे. माझ्या वाचनालयात एक विज्ञान मासिक यायचं. ते वाचणारा अख्ख्या गावात हा एकच माणूस, आणि तोही समासात पेन्सिलीनं रेघा मारायचा. एके दिवशी मी त्यांना चांगलंच झापलं. त्यावर त्यांनी मला ती रेघ मारलेली ओळ वाचून दाखवली, आणि मी मंडळात आले ती अशी.

बैठक गुरुवारी संध्याकाळी अप्पांच्या ओसरीत व्हायची. गुरुजी सांगायचे, कोळसा जाळा, डिझेल जाळा, रॉकेल जाळा, त्यातून जो वायू निघतो तो पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसतो. उन्हाची ऊब आत येते, पण पुरती बाहेर जात नाही.

"मंग ती गोधडी काढून फेका की," अप्पा म्हणाले.

"काढता कुठं येती, अप्पा? आपणच रोज तिला टाके घालतो."

अप्पांनी मान डोलावली आणि गिऱ्हाईक आलं म्हणून रॉकेल मापायला उठले. रेशनचं रॉकेल त्यांच्याकडेच असायचं. पिंपाला टेकून बसून आम्ही रॉकेल कमी कसं जाळावं यावर तावातावानं बोलायचो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

नुसत्या बोलण्यानं काय होतं, म्हणून उपायही करून पाहिले. वायरमननं कुठून तरी सौरचूल आणली. काळी पेटी, वर काच आणि झाकणाला आरसा. अप्पांच्या माळवदावर, केबलच्या छत्रीशेजारी, आम्ही तीत खिचडी लावली. खिचडी दुपारी चार वाजता शिजली. तोवर वायरमन घरी जाऊन, जेवून, एक झोप काढून आला होता. गुरुजी कौतुकानं घास घेत म्हणाले, धूर नाही की राख नाही. अप्पांनी दुकानदारी हिशोबानं मत दिलं, "शिजती झ्याक. पर सूर्याला गिऱ्हाइकाची घाई न्हाई."

पण गुरुजींचा जीव होता तो उष्णतामापकात. त्यांचं म्हणणं, जगाचं जग बघून घेईल, आपण आपल्या धारूरचा पारा रोज लिहू. एका दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी अप्पांच्या ओसरीतल्या लाकडी खांबावर थर्मामीटर टांगला. ओसरी उत्तरेकडे तोंड करून, दिवसभर सावली, शिवाय गुरुजींचं घर पत्र्याचं. गुरुजी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे आणि गुडघे दुखायचे, म्हणून रोज सकाळी दुकान उघडताना आकडा बघून लिहायचं काम अप्पांनी अंगावर घेतलं. लग्न असो की सुतक, आजार असो की बाजार, एक दिवस खाडा नाही. गुरुवारी गुरुजी तो आठवडा आपल्या मोठ्या रजिस्टरात उतरवून घ्यायचे.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. पुढच्या दसऱ्यापासून पारा चढायला लागला. दिवाळी झाली, थंडी पडली, बाजारात सीताफळं येऊन संपली, आणि आमचा पारा गेल्या वर्षीपेक्षा चांगला दोन बोटं वर. गुरुजींनी आलेख काढला. रेघ अशी वर गेली होती, जशी आमच्या घाटात एसटी चढते. शाली लपेटून, कानाला मफलर बांधून, हातावर हात चोळत आम्ही चौघं धारूर किती तापलंय यावर चर्चा करत होतो. "थंडी तर लई हाय राव," असं वायरमन एकदा पुटपुटला. गुरुजींनी त्याला सुनावलं की शास्त्र अंगाला काय वाटतं त्यावर चालत नाही, नोंदीवर चालतं. मीसुद्धा मान डोलावली. मला पुस्तकांचा अभिमान होता, आणि छापलेल्या किंवा लिहिलेल्या गोष्टीवर माझा विश्वास चटकन बसतो.

गुरुजींनी त्यावर निबंध लिहिला आणि आंबेजोगाईच्या एका महाविद्यालयाला पाठवला. तिथून पत्र आलं, रविवारी विज्ञान मेळाव्यात येऊन वाचा. पत्र त्यांनी मला तीनदा दाखवलं. चौथ्यांदा घेऊन आले तेव्हा मी म्हणाले, गुरुजी, आता मला पाठ झालंय. ते लाजले आणि म्हणाले, "बाई, आयुष्यात पहिल्यांदा प्रोफेसर लोक बसणार आणि मी बोलणार."

शनिवारी सकाळी घरातली चहापत्ती संपली म्हणून मी दुकान उघडायच्या वेळेला पेठेत गेले. अप्पा नुकतेच पूजेवरून उठले होते. त्यांनी तराजूला हळदकुंकू वाहिलं, गल्ल्याला वाहिलं, मग खांबाजवळ आले. थर्मामीटरलाही कुंकू लावलं, खाली एक फळी ठोकलेली होती तिच्यावर निरांजन ठेवलं, हात जोडले, डोळे मिटले. ज्योत थर्मामीटरच्या बुडाखाली वीतभरावर. अप्पांनी डोळे उघडले, चष्मा लावला आणि आकडा लिहून घेतला.

कुंकू आम्ही दर गुरुवारी बघत होतो, पण अप्पांच्या दुकानात कुंकवाशिवाय वस्तूच नव्हती; दिवा मात्र मी पहिल्यांदाच पाहिला. मी विचारलं, हे कधीपासून?

"खंडेनवमीपास्नं," अप्पा म्हणाले. "सगळ्या हत्यारांची पूजा केली, म्हणलं हे मंडळाचं हत्यार, ह्याला का म्हून सोडायचं? आन एकदा वस्तू पूजली, मंग नेम मोडता येत न्हाई. पूजेबिगर काट्याला हात लावत न्हाई आमी, तर ह्याला कसा लावावा?"

चहापत्ती न घेताच मी गुरुजींकडे गेले. वाटेत मला हसू येत होतं. पत्र्याच्या घरात ते सदरा इस्त्री करत बसलेले दिसले आणि हसू गेलं. सांगू नये असं फार वाटलं. पण त्या हॉलमध्ये कुणी उठून काही विचारलं तर हा माणूस जागच्या जागी मरेल, म्हणून सांगितलं.

गुरुजींनी रजिस्टर उघडून खंडेनवमीचं पान काढलं. बोट पुढच्या ओळींवरून खाली नेलं आणि तिथंच ठेवलं. मग म्हणाले, "अप्पाला कळू देऊ नका. त्याला झेपायचं न्हाई. देवाची पूजा आपल्यावर उलटली म्हणून अन्न सोडील." मलाही ते पटलं. नेमाचा, भाविक माणूस, त्याला कशाला दुखवा.

रविवारी आम्ही चौघं एसटीनं गेलो. अप्पांनी रजिस्टर लाल फडक्यात पोथीसारखं बांधून मांडीवर घेतलं होतं. हॉलमध्ये ते पहिल्या रांगेत बसले, नवं धोतर, ताठ मान. गुरुजींनी पहिल्या वर्षाच्या नोंदी वाचल्या. आवाज चांगला लागला होता. मग थांबून म्हणाले, या दसऱ्यापासूनच्या नोंदी ग्राह्य धरू नयेत, मी त्या मागे घेतो.

एका प्राध्यापकानं विचारलं, का?

"मापक मी चुकीच्या जागी टांगला. जवळ उष्णता होती."

"कसली उष्णता?"

गुरुजी रजिस्टराचं पान उलटू लागले. मागे कुणीतरी हसलं. प्राध्यापक जरा चढ्या आवाजात म्हणाले, "मास्तर, कसली उष्णता हे सांगता येत नसेल तर याला निरीक्षण म्हणायचं का?" गुरुजींचा हात सदऱ्याच्या बटणांवर गेला. एक शब्द बोलून ते सुटले असते, आणि तो शब्द ते बोलणार नव्हते.

अप्पा उठून उभे राहिले. "दिवा व्हता सायब," ते म्हणाले. "मी लावत व्हतो. रोज, सकाळी, त्याच्या खाली. आत्ता हे बोलले तवा माझ्या ध्यानात आलं. गुरुजीची काय बी चूक न्हाई."

"थर्मामीटरखाली दिवा? कशासाठी?"

"गुरुजीनं दिलेली वस्तू हाय," अप्पा म्हणाले, त्याला याहून जास्त कारण लागतं हे त्यांना ठाऊकच नसल्यासारखं.

हॉलमध्ये हसू उसळलं, पण मघाचं नव्हे, आणि लवकरच विरलं. मला मात्र मान वर करवेना. आम्ही दोघांनी बसून ठरवलं होतं की अप्पांना हे झेपणार नाही. इतकी वर्षं त्यांच्या ओसरीत त्यांचा चहा पीत आम्ही त्यांना कच्चं धरलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मग हात बटणांकडे न नेता माइक धरला आणि म्हणाले, "पहिल्या वर्षाची नोंद एकही चुकीची न्हाई. ती पण यांनीच घेतलीय, एक दिवस न चुकवता. निबंधावर माझं एकट्याचं नाव आहे, ते बरोबर न्हाई. यांचं पण लिहून घ्या."

प्राध्यापकांनी पेन काढलं. गुरुजींनी अप्पांचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश, लिहिणाऱ्याला सवड देत. मी ते नाव पहिल्यांदाच ऐकत होते. ते लिहून होईपर्यंत अप्पा खाली बसले नाहीत.