कुलूप फोडणारी शैलाताई

रशीदभाईंचा फोन आला तेव्हा मी अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या उलथत होते. खकाण्याने डोळे आधीच चुरचुरत होते. म्हणून त्या क्षणी गालावर उतरलेलं पाणी कशाचं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. "वयनी, जल्दी या. ताईसाहेबांना मारलं... लई मारलं." रशीदभाई शैलाताईंच्या सरकारी जीपचे चालक. त्यांच्या आवाजामागे फुटलेल्या काचा कुणाच्या तरी पायाखाली करकरत होत्या. बीडच्या रुग्णालयात मी पोहोचले, तेव्हा त्या खाटेवरचा चेहरा सुजेने आणि रक्ताने गिळून टाकला होता. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या गेल्या. राज्याच्या दिव्यांग कल्याणाच्या योजना आणि त्यांचा निधी या जिल्ह्यात ज्यांच्या सहीवाचून हलत नसे, त्या अधिकारी, माझ्या नणंद, पाटोद्याकडच्या घाटात एका वळणावर काठ्यांखाली पडल्या. न्यायालयाचं काम न्यायालय करील. आता काही आठवडे उलटल्यावर मला लिहायचं आहे ते एवढंच, की त्या काठ्या कशासाठी उठल्या.

शैलाताई मृदू नव्हत्या. लग्न न करता त्या आमच्याच घरात, पुढच्या खोलीत राहिल्या, आणि त्या घरात असल्या की भांड्यांचाही आवाज बदलत असे. कांदा त्या विळीवर चिरत नसत, बुक्कीने फोडत. चहा उकळता असतानाच घशाखाली ओतत. कार्यालयातही तीच तऱ्हा. एका पुरवठादाराने मुलांसाठी मुकी श्रवणयंत्रं पाठवली, तेव्हा त्यांनी अख्खं खोकं सज्ज्यावरून खाली भिरकावलं आणि वाकून ओरडल्या, "आधी सोताच्या कानात घालून बघ बे!" तो माणूस अंगणात गुडघ्यांवर बसून तुकडे वेचत होता, आणि वर खिडक्याखिडक्यांतून कारकून हसू दाबत होते. मला त्यांच्या रागाची भीती वाटे. तो राग उन्हाळ्यातल्या पत्र्यासारखा होता. हात लावायच्या आधीच भाजायचा.

पाटोद्याच्या पलीकडे माळावर एक निवासी मूकबधिर शाळा आहे. शासनाच्या अनुदानावर चालणारी, एका खासगी संस्थेची. शैलाताई तिथे न कळवता गेल्या. भोवतीच्या डोंगरात सीताफळं पिकून फुटली होती, त्या गोड, आंबूस वासात स्वयंपाकघरामागून धपधप असा आवाज येत होता. कुलूप लावलेल्या दारावर आतून कुणीतरी डोकं आपटत होतं. पहारेकरी म्हणाला, "चावी अध्यक्षसाहेबांकडं हाय."

"कावून कोंडलं पोरीला?"

"लई वांड हाय, ताई. आयकतच न्हाई."

"बहिरी हाय ती, मुडद्या! आयकंल कशी?"

त्यांनी चुलीजवळचा दगड उचलला आणि कुलूप तुटेस्तोवर हाणला. बोटांची सालं निघाली, नख उखडलं. आतून नऊ-दहा वर्षांची मुलगी बाहेर आली. ती रडली नाही. तिने स्वतःची वेणी मुठीला गुंडाळली, मान मागे खेचली आणि भिंतीकडे कपाळ नेऊन झटक्याने थांबवलं. पुन्हा नेलं, पुन्हा थांबवलं... आणि मग दोन बोटांनी हवेत किल्ली फिरवली. शैलाताई मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांचेच हात ते सारं करत होते. शब्द नसलेली मारहाण मी तेव्हा प्रथम पाहिली. ती अजून माझ्या डोळ्यांत वाजते.

"अनुदान थांबवा," मी म्हटलं. मला ते सरळ वाटलं होतं.

"थांबवते की. एक सही लागते." त्यांनी चिंधी बांधलेला हात पाहिला. "मग तो संस्थेचा अध्यक्ष शाळेला टाळं ठोकतो आन् पोरं घरी. त्या घरांत हातांनी बोलता येतं कुणाला, वहिनी? उमापूरकडं एक बाप्या पाहिला मी. चाळिशीचा. जन्मात त्याच्याशी कुणी बोललं न्हाई. शेळ्यांच्या गोठ्यात दावणीला बांधलेला. सुटला की माणसांना चावतो म्हणून... चावंल न्हाई तर काय करंल?"

म्हणजे अनुदान खाणाऱ्या चोराच्या हातातून घास काढून घ्यायचा, आणि तो मुलांच्या तोंडातून मात्र काढायचा नाही. शैलाताईंसमोर तेवढीच एक वाट होती, आणि ती फार अरुंद होती. व्यवस्थापन काढून घेऊन शाळेवर प्रशासक नेमावा, अनुदान एक दिवसही खंडित होऊ नये, यासाठी त्या पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत अक्षरशः भांडत राहिल्या.

अध्यक्ष आमच्या घरी आले ते कडक इस्त्रीत, अत्तर लावून. "ताई, आमी समाजसेवा करतो. पोरंसोरं हायेत, हात उगारावा लागतो कधी."

"हात उगारला न्हाई तुमच्या लोकांनी. भिंत वापरली."

त्यांचा आवाज खाली गेला. "मग बंद करतो शाळा. न्या ही मुकी पोरं तुमच्या घरी. ह्या वयनी सांभाळतील."

"शाळा बंद होणार न्हाई, अध्यक्ष. तुमी बंद होणार."

अध्यक्षांनी भिरकावलेली कपबशी भिंतीवर फुटली. चहाचे ओघळ चुन्यावरून खाली आले. दारातून वळून ते एवढंच म्हणाले, "घाटात जपून जात जा. बाईमाणूस हाय तुमी."

प्रशासक नेमण्याचा आदेश निघाला. तो टपालाने पाठवता आला असता. पण मुलांना दिसलं पाहिजे, म्हणून शैलाताई स्वतः निघाल्या. पोलीस पाहून मुलं बिथरतील, म्हणून पोलीस नकोत म्हणाल्या. मी वाद घातला, हरले. आदेश शाळेच्या दारावर लागला. परतताना वळणावर ट्रॅक्टर आडवा घातलेला होता. रशीदभाईंचा हात मोडला, तरी सांगताना त्यांच्या रडण्यात एक ताठा होता. "पहिला फटका ताईसाहेबांनीच मारला, वयनी. जॅकचा दांडा घेऊन उतरल्या. एकाचा जबडाच काढला... पण ते लई होते."

परवा मी त्या शाळेत गेले. चढ चढले तेव्हा दाराला टाळं दिसेल अशी मला खात्रीच होती. दार उघडं होतं. आतून तुरीच्या डाळीला दिलेल्या फोडणीचा वास येत होता. पंगत बसत होती. नवे प्रशासक बाजारात गेले होते; एक शिक्षिका वाढत होत्या. मी शैलाताईंच्या घरची, एवढं मी सांगितलं आणि त्यांनी ते मुलांना हातांनी कळवलं. मला पाहून मुलांचे हात भराभर उडू लागले, थव्यासारखे. एका मोठ्या मुलीने माझ्याकडे बोट केलं, मग तळहात ओठांपुढे धरून हळूच फुंकलं.

"तुम्ही ताईंच्या कोण, असं विचारतेय," शिक्षिका म्हणाल्या. "इथं प्रत्येकाला हाताचं एक नाव असतं. पोरंच ठेवतात. ताईंचं हे."

"फुंकर?"

"कुलूप फोडल्यापासून त्या वरचेवर यायच्या, पंगतीतच बसायच्या ना. लहान्यांच्या ताटातली आमटी गरम असली की एकेकाच्या ताटावर फुंकत बसायच्या. सोताचं जेवण गार व्हायचं."

ज्या बाईला मी इतकी वर्षं एका छताखाली पाहिलं, तिने कशावर फुंकर घातल्याचं मला आठवेना.

पंगतीच्या टोकाला एक चिमुरडी बसली होती. तिचा बाप तिला आठवड्यापूर्वीच सोडून गेला होता. शैलाताईंना तिने कधी पाहिलेलं नव्हतं. तिनेही माझ्याकडे पाहिलं आणि तळहात ओठांपुढे धरला. शिक्षिका म्हणाल्या, "नव्या लेकराला बाकीचे पहिल्याच दिवशी शिकवतात. पाणी, जेवण, आई... आणि हे."

नणंद हा शब्द हातांनी कसा म्हणतात, ते मला येत नव्हतं. मी नुसतीच फुंकर घातली आणि हात छातीवर ठेवला. चिमुरडीने मान हलवली, चुकलं होतं. ती उठली, माझा हात छातीवरून उचलून तिने माझ्या तोंडाशी आणला, अगदी जवळ, आणि थांबली. मी फुंकलं. माझ्या तळहाताला ऊन श्वास लागला.